एकाचा नऊ

"बाहेरची दारू आमच्याकडे चालत नाय," हॉटेलचा मालक म्हणाला.

दारू नाही, वाइन आहे, असं मी सांगितलं. त्याने बडीशेपेची वाटी माझ्यापुढे सरकवली आणि शांतपणे विचारलं, "वाइन म्हंजे काय सरबत हाय का मॅडम?"

त्याचंही चुकत नव्हतं. पन्नाशीकडे झुकलेली बाई, हातात भाजीची पिशवी, सकाळी अकरा वाजता पालघर-बोईसर रस्त्यावरच्या त्याच्या हॉटेलात शिरते आणि विचारते की रविवारी संध्याकाळी आम्ही आठ जण आपापली बाटली घेऊन आलो तर चालेल का. जेवण तुमचं, ग्लास तुमचे, वाइन आमची. असलं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नसावं. बराच वेळ खल झाला. शेवटी तयार झाला तो अटी घालून. बाटल्या दुकानातून घेतलेल्या, सीलबंद हव्यात. उघडणार त्याचा वेटर. आठही जणांचे एका दिवसाचे परवाने काढायचे. आणि रिकाम्या बाटल्या आम्ही आमच्या परत न्यायच्या, कारण आपण न विकलेल्या मालाच्या बाटल्या आपल्याकडे सापडल्या तर उत्तर कोण देणार? मी निघाले तेव्हा मागून म्हणाला, उंच दांड्याचे ग्लास चारच हायेत, बाकीच्यांना पाण्याचे देईन.

कल्पना माझी नव्हती. तारापूरच्या एमआयडीसीतल्या ज्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत आम्ही सगळे होतो, तो बंद पडून बरीच वर्षं झाली. माणसं पांगली, मोबाइलवरचा ग्रुप तेवढा राहिला. आमच्यातला सगळ्यात धाकटा आता नाशिककडे एका वाइनच्या कारखान्यात केमिस्ट आहे. त्याने टूम काढली: जेवायला भेटू, प्रत्येकाने एक वाइन आणायची, बाटली वर्तमानपत्रात गुंडाळायची, वर नुसता नंबर. कोणती कुणाची ते शेवटी उघड करायचं. मी पालघरातच राहते आणि कुणाला नाही म्हणणं मला जमत नाही, म्हणून हॉटेल, परवाने, नंबर, बसायची व्यवस्था हे सगळं माझ्याकडे आलं.

आठ जणांत भाऊ होते. मला त्यांना फोन करायचा नव्हता. भाऊंना वास येत नाही, बावीस वर्षं येत नाही, अशा माणसाला वाइन प्यायला कसं बोलवायचं, असं कारण मी मनाशी धरलं होतं. ते नाही म्हणाले तर मी सुटले, असाही एक विचार होता. तो मी इथे लिहून टाकते. फोन केला तर ते म्हणाले, "येतो की. जीभ हाय अजून."

आता भाऊंचा वास कसा गेला ते सांगायला हवं. हे मी आजवर लिहिलेलं नाही, आणि त्या रविवारपर्यंत कुणाला बोललेलेही नव्हते. नवऱ्यालासुद्धा नाही.

आमच्याकडे एक माल बनायचा, पांढरे स्फटिक. तो गाळला की पाण्याने धुवायचा, नऊ वेळा. दर वेळच्या धुवणाचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत यायचा. पहिलं पाणी भयंकर, नुसतं झाकण काढलं तर डोळ्यांतून धारा. मग दुसरं, तिसरं, करत करत नववं जवळजवळ नळाचं. तपासायला यंत्र होतं, पण यंत्राला वेळ लागे, आणि भाऊंना लागत नसे. भाऊ केळव्याकडच्या वाडीवाल्यांच्या घरातले, लहानपण पानवेलीत आणि नारळीत गेलेलं. त्यांचं नाक असं होतं की सगळा कारखाना त्यांना नाकवाले भाऊ म्हणायचा. नववं पाणी हुंगून ते सांगायचे, "अजून एक पाणी द्या." मागून यंत्राचा आकडा यायचा तो त्यांच्याच बाजूने.

प्रयोगशाळेचा पहिला नियम असा की बाटलीला नाक लावायचं नाही. बाटली लांब धरायची आणि दुसऱ्या हाताने वाफ आपल्याकडे ओढायची, पंख्यासारखी. भाऊ तो नियम पाळायचे. फक्त नवव्या पाण्याला नाही. त्यात वास इतका पुसट असायचा की तोंडाशी नाक नेल्याशिवाय कळायचाच नाही, आणि ते हे करतात हे प्रयोगशाळेच्या साहेबांनाही माहीत होतं.

माझं नोकरीचं दुसरं वर्ष होतं. मी मनोरच्या मराठी शाळेतली. कॉलेजात सगळं इंग्रजी झालं, पण घाई असली की हात आपले जुनेच आकडे काढायचा. त्या सकाळी नव्या मालाचं पहिलं पाणी घ्यायला मी प्लँटमध्ये गेले. जुन्या मालाचं नववं पाणी त्याच वेळी यायचं होतं. प्लँटची वही मराठीत असायची. तिच्यात नोंद केली आणि त्याच झपाट्यात बाटलीवरच्या चिठ्ठीवर लिहिलं. इंग्रजी डब्ल्यू, म्हणजे वॉश, मधे रेघ, आणि पुढे आपला मराठी एक. वर गोल, खाली शेपटी.

भाऊंनी तो नऊ वाचला. कुणीही नऊच वाचला असता.

त्यांनी झाकण काढलं आणि नवव्या पाण्याला घेतात तसा नाक लावून पोटभर श्वास घेतला. पुढचं सगळं मला तुकड्यांनी आठवतं. स्टूल पडल्याचा आवाज. भाऊ ओणवे, दोन्ही हात गळ्याशी. सगळे त्यांना उचलून गाडीकडे धावले. प्रयोगशाळेत मी एकटी राहिले आणि टेबलावर ती बाटली होती. मी तिचं झाकण लावलं, तेव्हा चिठ्ठी दिसली.

एक मिनिटसुद्धा लागलं नसेल. मी चिठ्ठी सोलली, नवी लावली, आणि तिच्यावर इंग्रजी एक लिहिला. चांगला ठसठशीत, खाली आडवी रेघ देऊन. जुनी चिठ्ठी बेसिनमध्ये विरघळेपर्यंत चोळली.

चौकशी साहेबांनी केली. साहेब सरळ माणूस होता, हे सांगायलाच हवं. त्यांनी बाटली उजेडात धरली आणि म्हणाले, एक तर स्पष्ट लिहिलाय. भाऊ महिन्याने कामावर आले तेव्हा खोकला होता, वास नव्हता. साहेबांसमोर उभे राहून ते सांगत होते, "साहेब, नऊ व्हता. मी वाचला ना. नऊ व्हता." साहेबांनी त्यांना बाटली दाखवली. भाऊंनी ती हातात घेतली, बघितली, परत ठेवली. त्यांचा चेहरा मला दिसू नये म्हणून मी ब्युरेट, ती मापाची काचेची नळी, धूत होते. धुतलेलीच ब्युरेट.

लोकांनी चेष्टा केली, आमच्याकडे करतात तशी. भाऊ, चष्मा घ्या. भाऊ, नाकाने वाचत होतात काय. काही आठवडे ते नऊ होता, नऊ होता म्हणत राहिले. मग एक दिवस चहाच्या वेळी, कुणी काही विचारलं नसताना, म्हणाले, "मलाच नऊ दिसला असंल."

वास गेला तो अपघातात, असं मी स्वतःला सांगू शकत होते, चुका होतात. पण हे दुसरं अपघातात गेलं नव्हतं. त्या दिवसापासून भाऊंनी आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवणं सोडलं. त्यांना स्टोअरमध्ये टाकलं. तिथे ते प्रत्येक पिंपावरचा आकडा वाचून कुणाला तरी विचारायचे, हा किती रे? डोळे तपासून आले, डॉक्टरने काही नाही सांगितलं, तरी विचारायचे. बोईसरच्या स्टँडवर मला भेटले तर गाडीवरच्या नंबराकडे बोट करून, "बाय, हा किती?" मी सांगायचे. ते मान डोलवायचे, कारण त्यांनीही तेच वाचलेलं असायचं.

बावीस वर्षं मी हे बघितलं आणि त्यांना आकडे वाचून दाखवले.

तर तो रविवार. साडेसहाला जमायचं ठरलं होतं, कारण दोघांना सोमवारी पहिली पाळी होती. हॉटेलच्या मागच्या अंगणात लांब टेबल लावलं होतं, उजेड अजून चांगला होता. मी लवकर जाऊन आलेल्या बाटल्यांवर कागद गुंडाळत होते आणि मार्करने नंबर घालत होते. एक ते आठ, इंग्रजी, एकाखाली आडवी रेघ. ती रेघ मी तेव्हापासून कधी चुकवलेली नाही.

भाऊ आले ते पांढऱ्या शर्टात, केस सगळे गेलेले, हातात दैनिकात बांधलेली बाटली, बाजारातून बोंबील आणावेत तशी. चिकूची वाइन, घोलवडकडची, हे त्यांनी मला कानात सांगून टाकलं आणि गुपित ठेवायला सांगितलं. साहेब आले, आता काठी घेऊन. नाशिकवाला आला तो पाहुण्यांना प्रसाद वाटावा तसा माहिती वाटत.

पहिली बाटली उघडली, ग्लासांत घोट घोट ओतली, आणि टेबलावरच्या सगळ्यांनी, अगदी सगळ्यांनी, ग्लास लांब धरून दुसऱ्या हाताने वाफ नाकाकडे ओढायला सुरुवात केली. नाशिकवाला कपाळावर हात मारून सांगत होता की अहो, यात नाक घालायचं असतं, ग्लासात, पार आत. कुणाचं धाडस होईना. तेवढ्यात वेटर धावत आला. "मॅडम, मक्खी बहुत है क्या? पंखा लगा दूँ?" आणि त्याने उभा पंखा आणून आमच्यावर सोडला. होता नव्हता तो वास उडून गेला. साहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

वासाचा प्रश्न मिटल्यावर सगळे भाऊंच्या पातळीवर आले, आणि मग मी जे पाहिलं ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आम्ही पीत होतो आणि छान आहे, जरा आंबट आहे, एवढंच म्हणत होतो. भाऊ घोट घ्यायचे आणि गप्प व्हायचे. डोळे मिटायचे नाहीत. समोर कुठेतरी बघायचे, दूरचा आवाज ऐकावा तसे. मग सांगायचे. ही गालाला आतून ओढते, कच्च्या केळ्यागत. ही गळ्यात गेल्यावर मागं वळून बघते. ही जिभेच्या कडेनं चालते, मधी येतच नाय. एका बाटलीचा घोट घेऊन ते नाशिकवाल्याला म्हणाले, ही तू आणलीस, आणि ही गाडीत उन्हात राह्यली. नाशिकवाल्याने ग्लास खाली ठेवला. बाटली त्याचीच होती, आणि दुपारभर गाडीत राहिली होती. पुढची पाच-दहा मिनिटं तो भाऊंना अहो-जाहो करत एकेक प्रश्न विचारत होता आणि मोबाइलवर टिपून घेत होता.

मी इतकी वर्षं समजत होते की मी त्या माणसातून काहीतरी काढून घेतलं आणि तिथे नुसती पोकळी आहे. पोकळी नव्हती. त्यांनी तिथे एक अख्खं दुसरं शेत लावलं होतं, एकट्याने, कुणाला न सांगता. माझ्या अंगावर काटा आला. देवळात कधी आला नव्हता असा.

आणि त्याच वेळी भाऊंनी आधीची एक बाटली पुन्हा चाखायला उचलली, कागदावरचा आकडा बघितला, आणि माझ्याकडे झुकून हळूच विचारलं, "बाय, हा एकच ना?"

घोट तोंडात कुठून कुठे फिरला ते सांगणाऱ्या माणसाने एक हा एकच आहे ना हे मला विचारलं. मला.

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं ते वेगळंच. "भाऊ, तेव्हा नऊच होता."

त्यांना कळलं नाही. मग मी सांगितलं. आवाज न चढवता, पापड मोडत. प्लँटची वही, घाई, मराठी एक, चिठ्ठी सोलली ती, नवी लावली ती. सगळं चार-पाच वाक्यांत संपलं. बावीस वर्षं मी समजत होते की सांगायला रात्र पुरणार नाही.

 भाऊंनी बाटली खाली ठेवली. वेटर सुरमई ठेवून गेला. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, कागदी नॅपकिन माझ्यापुढे सरकवला. "लिव. तवा लिवलेला तसाच."

मी लिहिलं. डब्ल्यू, रेघ, एक.  इतका सहज आला तो आकडा, वर गोल, खाली शेपटी, जसा काही बोटांत दबा धरून बसला होता.

भाऊंनी नॅपकिन दोन्ही हातांनी धरला. ते त्याच्याकडे किती वेळ बघत होते मला सांगता येणार नाही. मग ते उठले, टेबलाला वळसा घालून साहेबांकडे गेले आणि नॅपकिन त्यांच्यापुढे ठेवला. "साहेब, हे काय लिवलंय, वाचा जरा."

साहेब कुठल्यातरी गमतीत होते. त्यांनी चष्मा नाकावर चढवला, नॅपकिन उजेडात धरला, त्या बाटलीसारखाच. "डब्ल्यू नऊ," ते म्हणाले. "का? आठच बाटल्या आहेत ना?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, मायेनेही नाही. पुढचं तुझं, असं ते पाहणं होतं.

मी उभी राहिले आणि परत सगळं सांगितलं, या वेळी सगळ्या टेबलाला. चिठ्ठी बेसिनमध्ये चोळली तेही सांगितलं. पंखा चालू होता, त्यामुळे मला मोठ्याने बोलावं लागलं. कुणीतरी तो बंद केला आणि शेवटची दोन वाक्यं उगाच ओरडल्यासारखी झाली. एकीने तोंडावर हात ठेवला होता. साहेब नॅपकिनकडेच बघत होते. मग ते भाऊंना म्हणाले की तुम्ही सांगत होतात आणि मी बाटली दाखवत होतो. माझी सही आहे त्या कागदावर. भाऊ म्हणाले, तुमी वाचलं ते बरोबरच व्हतं साहेब, एकच व्हता तो. आणि हे म्हणताना त्यांना हसू आलं, अर्धंच, ते पुरं झालं नाही.

मला वाटलं होतं ते मला काहीतरी बोलतील. शिवी चालली असती.  त्यांनी खिशातून मोबाइल काढला, पडद्यावरचे आकडे स्वतः एकेक करून दाबले, आणि अंगणाच्या कडेला, नारळाच्या बुंध्याशी जाऊन उभे राहिले. फोन घरी लावला होता. तिथून आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"अगं, नऊच व्हता," ते म्हणाले. "होय. बाटलीवरचा. नऊच व्हता. माझे डोळे बरे व्हते गं."

मग खूप वेळ ते नुसते ऐकत होते. पलीकडून काहीच बोलणं होत नसावं, कारण मधेच त्यांनी हाक मारली, हाय का तिथं म्हणून. मग मान डोलवली, माझ्यापर्यंत आले आणि फोन माझ्या हातात दिला.

त्यांच्या बायकोला मी दोनदाच भेटलेले, एकदा हॉस्पिटलात आणि एकदा त्यांच्या मुलीच्या लग्नात. मी फोन कानाला लावला आणि काय ऐकावं लागेल त्याची तयारी केली. मी माफी मागायला लागले तर त्यांनी मला थांबवलं.

"बाय, तुजं तू बघ," त्या म्हणाल्या. आवाज अगदी सपाट होता. "मी त्यांच्या घरात राहते. मी पण म्हणत आले, तुमाला दिसत नाय नीट, द्या इकडं, मी वाचते. लायटीचं बिल, औषधाची बाटली, समदं मीच वाचलं. त्यांनी किती येळा सांगितलं मला, नऊ व्हता. एकदा पण नाय म्हटलं, असंल."



"जेवले का ते?" त्यांनी विचारलं.

मी टेबलाकडे पाहिलं. भाऊ आपल्या जागेवर जाऊन बसले होते. सुरमईला त्यांनी हात लावला नव्हता. नॅपकिनची घडी घालून त्यांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली होती, आणि नाशिकवाला त्यांच्या ग्लासात ओतत होता. नाही, अजून नाही, मी म्हटलं.

"मग जेवू घाल त्यांना," त्या म्हणाल्या. "आणि सावकाश पाठीव. मला जरा येळ लागंल."